पोटाखालची शिवण

“वाघाला दोरी बांधाय लागलासा व्हय, ताई?”

मी उकिडवी बसून पितळी खांबाला तांबडी दोरी अडकवत होते. मागे हैबतनाना फडकं खांद्यावर टाकून उभे होते.

“वाघाला नाही, माणसांना,” मी म्हटलं. “हात लावून लावून टक्कल पाडलंय त्याला.”

“मरून चाळीस वर्सं झाली त्येला. आता टक्कल पडलं काय आन् झुलपं आली काय.”

१९७३ सालातली ही गोष्ट. तोरणगावचं संस्थान विलीन होऊन चोवीस वर्षं झाली होती आणि राजेसाहेबांचा तनखा बंद होऊन दोन. राजवाड्याचा पुढचा भाग तिकीट लावून लोकांना खुला केला होता. दरबार हॉल, चांदीची अंबारी, हत्यारांची खोली आणि शेवटी शिकारखान्याचं दालन. प्रत्येक वस्तूला नंबर द्यायचा आणि रजिस्टरात नोंद करायची, हे माझं काम. वडील मोडी शिकवायचे, त्यामुळे मला मोडी वाचता येत होतं आणि त्या जोरावर ही नोकरी लागली होती. मी चोवीस वर्षांची होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीला नंबर मिळाला की जग सुधारेल, असं माझं प्रामाणिक मत होतं.

हैबतनाना शिंगटे शिकारखान्याचे राखणदार. तरुणपणी राजांच्या शिकारीत हाका घालायला जायचे, आणि शिकार थांबल्यापासून त्या दालनाची झाडलोट त्यांच्याकडे होती. दालनात अकरा वाघ होते, पण नाना ‘वाघ’ म्हणत ते एकालाच. चौथऱ्यावर पेंढा भरून चार पायांवर उभा केलेला थोरला वाघ. माझ्या रजिस्टरात तो ‘शि-१७’.

सगळ्या राजवाड्याला तेव्हा कीड लागली होती. गालिच्यांना कसर, तसबिरींना वाळवी, गादीचं मखमल तर बोट लावलं की भुगा होऊन हातात यायचं. या वाघाचं अंग मात्र, लोकांनी हात लावला तेवढं सोडून, अगदी ताजं होतं.

“त्याज हाय त्येच्यात,” नाना सांगायचे. “झुरळ चढत न्हाई त्येच्यावर. पाल बी न्हाई.”

ते खरंच होतं. रोज सकाळी चौथऱ्याभोवती मेलेले पतंग पडलेले असत. नाना ते भक्तिभावाने झाडून घ्यायचे.

त्या दिवशी दोरी बांधून झाल्यावर मी सहज वाघाच्या मानेकडे पाहिलं. तिथे रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. हात लावून केस असे जात नाहीत. कुणीतरी ते उपटले होते.

“नाना, हे तुम्ही केलंत?”

नानांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं. शहरातलं तान्हं मूल दचकायला लागलं, झोपेत ओरडायला लागलं, की त्याची आई अमावास्येला नारळ घेऊन राजवाड्याच्या मागच्या दाराशी यायची. मग शिकारखान्याचा राखणदार तिला वाघाचे दोन केस द्यायचा. ते लाल चिंधीत शिवून काळ्या दोऱ्याने पोराच्या गळ्यात बांधायचे. याला म्हणायचे ‘वाघ बांधणं’. चिंधीतच, तांब्यापितळेच्या पेटीत नाही, कारण वाघाला कोंडायचं नसतं. राजाचा वाघ शहरातल्या पोरांची राखण करतो, असं तोरणगावात सगळेच मानत. नानांच्या आधी त्यांचे वडील हे काम करायचे. तेव्हा नव्या शिकारीचं कातडं दर हिवाळ्यात यायचं. आता वाघ मारायलाच बंदी आली होती, दालनातल्या बाकीच्या दहांना कसर लागली होती आणि केस काढायला हाच एक उरला होता.

“दिसतंय ते, नाना,” मी म्हटलं. “बाहेरगावची माणसं तिकीट काढून येतात. वर्षभरात याची मान गुळगुळीत होईल.”

“मग पोरांचं काय करू? दारात आलेल्या बाईला न्हाई म्हणू?”

मला बंदी घालता आली असती. कारभाऱ्यांना एक चिठ्ठी लिहिली असती तर मागचं दार बंद झालं असतं. पण मी अगदीच कोरडी नव्हते, आणि नाना मला आवडायचे. म्हणून मी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचे.

“द्या की,” मी म्हटलं. “पण दिसेल तिथून काढू नका. आतून कुठून तरी घ्या.”

चार दिवसांनी नाना खुशीत आले. पोटाखाली वाघाची शिवण होती. तिथे कातड्याची कड आत दुमडलेली होती. चौथऱ्यावर वाघाच्या पायांमध्ये उताणं पडून त्यांनी दोन टाके सोडवले होते आणि नखाएवढा तुकडा कापून घेतला होता.

“नुसत्या केसापरीस ह्ये लई भारी,” ते म्हणाले. “आतनं पांढरी भुकटी हाय बगा, इबुतीवानी. चाळीस वर्सं कुणाचा हात लागलेला न्हाई. पयला तुकडा सगुणेला बांधला.”

सगुणा त्यांची नात, वर्षाची. मुलगा आणि सून शेतमजुरीला जायचे आणि पोर नानांच्या अंगाखांद्यावर वाढत होती.

मी रजिस्टरात शि-१७ पुढे ‘स्थिती उत्तम’ असं लिहिलं.

श्रावणात सगुणा गेली. उलट्या आणि जुलाब, चार दिवसांत कारभार आटोपला. त्या पावसाळ्यात शहरात बरीच पोरं पोटाने आजारी होती. नळाचं पाणी गढूळ येत होतं, सगळे पाण्यालाच दोष देत होते. बाराव्यानंतर नाना कामावर आले आणि वाघाखालचे पतंग झाडू लागले. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“वाघ बांधला हुता तरी गेली,” ते म्हणाले. “म्हंजे तिचं आयुक्षच तेवढं.”

दसऱ्याला राजवाड्याच्या बुरुजावर अजूनही तोफ उडायची. आमचं घर बुरुजापासून दोन गल्ल्यांवर. त्या वर्षी पहिल्या आवाजालाच माझा भाचा नंदू असा दचकला की त्याचे डोळे फिरले. नऊ महिन्यांचा होता. दादा-वहिनींना नऊ वर्षांनी झालेलं मूल, त्यामुळे आमच्या घरात तो शिंकला तरी सगळे उभे राहायचे. त्या दिवसापासून तो दर घटकेला दचकू लागला.

“वन्सं,” इंदूवहिनी म्हणाली, “तुम्ही तिथंच असता. एक वाघ आणा की त्याच्यासाठी.”

“वाघ पर्समध्ये मावत नाही, वहिनी.”

“थट्टा नको. अख्खं गाव आणतं.”

माझा विश्वास नव्हता. पण वहिनीचा चेहरा बघून मी दुसऱ्या दिवशी नानांकडे मागितला आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने लाल चिंधीत शिवला. नंदूला तेव्हा दात येत होते. हाताला लागेल ते तोंडात जायचं, आणि गळ्यातली चिंधी तर कायमचीच हाताशी. दिवसभर तो ती चोखायचा. ती ओली असायची म्हणून वहिनी दोरा बदलायची, पण चिंधी नाही. वाघ एकदा बांधला की दात पुरे येईपर्यंत काढायचा नाही, असं नानांनी बजावून सांगितलं होतं.

दचकणं थांबलं. वहिनीने नानांसाठी शिऱ्याचा डबा पाठवला. आठ दिवसांनी नंदूचं पोट बिघडलं.

डॉक्टरांनी दातांचं आहे म्हणून सांगितलं, मग पाण्याचं आहे म्हणून सांगितलं. औषधाने दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. दिवाळी आली तेव्हा पोराच्या मांडीची कातडी लोंबायला लागली होती. दादा ऑफिसातून आला की आधी पाळण्यात हात घालून बघायचा आणि मग चपला काढायचा. मला त्या घरात फराळाचा वाससुद्धा सहन होईना.

“वन्सं, तो वाघ लहान पडला असेल का हो?” वहिनीने एकदा विचारलं. तिच्या आवाजात वेड्यासारखी आशा होती. “नानांना म्हणावं, मोठा द्या.”

मी विरोध केला नाही. डॉक्टर हरले होते आणि मलाही काहीतरी करायचं होतं.

“मोठा द्या, नाना,” मी म्हटलं. “पोर हातचं जातंय.”

नाना चौथऱ्यावर चढून वाघाखाली आडवे झाले. कात्रीचा आवाज आला. भुकटी त्यांच्या मिशीवर पडली होती ती त्यांनी बाहीने पुसली. तुकडा देताना त्यांचे तळवे मला पहिल्यांदा नीट दिसले. त्यावर कणसाच्या दाण्यांसारखे कडक घट्टे आले होते. मनगटावरची कातडी काळवंडली होती आणि तिच्यावर पांढरे ठिपके पडले होते.

“हे काय झालंय?”

“म्हातारपण,” नाना म्हणाले. “एवढा मोठा आजपावतर कुणाला दिल्याला न्हाई, ताई. राजाच्या पोराला बी न्हाई.”

तो मी त्या दुपारी नंदूच्या गळ्यात बांधला. पहिल्याच्या शेजारी.

तिसऱ्या दिवशी मी शिकारखान्याच्या दफ्तरातलं शेवटचं बाड उघडलं. वाघ भरायला चाळीस वर्षांपूर्वी परमुलखातला एक कारागीर बोलावला होता. तो दार लावून काम करायचा, आत कुणाला येऊ द्यायचा नाही, एवढं नाना सांगायचे. त्यांनी स्वतः कातडी फक्त दारापर्यंत पोचवली होती. त्या कारागिराला लागणाऱ्या सामानाची यादी मला वैशाखातच सापडली होती. साबण, कापूर, कळीचा चुना, सोमल. सोमल पाहून मला वाटलं होतं, उंदरांसाठी असेल. जुन्या वाड्यांत उंदीर असतातच. मी तसं समासात पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं.

बाडात कारकुनाने उतरवून घेतलेली कृती होती. अक्षर सुंदर, एकही खाडाखोड नाही. वाचता वाचता मी बोट ठेवून एकेक ओळ पुढे सरकत होते.

‘सोमल, साबण, चुना व कापूर एकत्र कढवून लेप करावा. कातड्यास आतील अंगाने दाट चोपडावा. शिवणीपाशी दुप्पट, कारण कीड तेथून शिरते. हातास लागल्यास तत्काळ धुवावे. हे जालीम विष आहे. मुले व कुत्री दालनापासून दूर ठेवावीत. येणेप्रमाणे केले असता शंभर वर्षे वाघास काही होत नाही.’

मी ते पान घेऊन उठले. राजवाड्याच्या पायऱ्या उतरल्याचं मला आठवत नाही. चौकात टांगा मिळाला, टांगेवाला घोड्याशी काहीतरी गप्पा मारत होता आणि मी त्याला चाबूक मार म्हणून ओरडत होते, एवढं आठवतं.

नंदू पाळण्यात पडला होता. डोळे अर्धे उघडे. तोंडात चिंधी.

मी ती तोंडातून ओढली आणि दोरा दातांनी तोडला. पोराला रडायचीही ताकद नव्हती.

“काय करता हे?” वहिनी धावत आली. “अहो, तेवढ्यानंच तर शांत आहे तो.”

“वहिनी, हात लावू नका त्या चिंधीला. हात लावू नका. दादाला बोलवा.”

डॉक्टरांनी माझ्याकडून पान वाचून घेतलं आणि चिंध्या चिमट्याने कागदावर उघडल्या. मग त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून नंदूला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. दाराशी ते मला म्हणाले, “अशी किती आहेत गावात?”

मला माहीत नव्हतं. राजवाड्यातल्या प्रत्येक वस्तूला मी नंबर दिला होता, आणि हे मला माहीत नव्हतं.

उन्हं कलायच्या आत मी शिकारखान्यात परत गेले. लोकांना बाहेर काढून दार लावलं आणि नानांना समोर बसवून ते पान वाचून दाखवलं. सोमल हा शब्द आल्यावर त्यांनी मान वर केली. तो शब्द त्यांना माहीत होता, जंगलात लांडग्यांसाठी ठेवायचे. पुढचं त्यांनी खाली बघून ऐकलं.

“म्हणूनशान झुरळ चढत नव्हतं,” ते म्हणाले.

मी पानाची घडी घातली.

“ताई, आमची सगुणा?”

हा प्रश्न येणार हे मला टांग्यातच कळलं होतं. उत्तरही तिथेच ठरवून टाकलं होतं.

“सगुणेला तुम्ही मानेवरचा केस बांधला होता, नाना. वरच्या केसाला काही नसतं. ती पाण्यानं गेली.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. पहिला तुकडा सगुणेला बांधला हे त्यांनीच मला याच जागी उभं राहून सांगितलं होतं, आणि मी ते विसरलेले नाही हे त्यांना दिसत होतं.

“व्हय,” ते म्हणाले. “वरचाच हुता.”

मग मी कंदील घेऊन वाघाखाली शिरले आणि शिवणीवरच्या कापल्याच्या खुणा मोजल्या. सेहेचाळीस होत्या. नानांना लिहिता येत नव्हतं, पण आठवत सगळं होतं. गल्ली, घर, पोराचं नाव, आईचं माहेर. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. नंदूचे दोन आणि सगुणेचा एक धरून त्रेचाळीस झाले. उरलेले तीन यात्रेला आलेल्या बायकांनी नेले होते. त्या कुठल्या गावच्या, हे नानांना ठाऊक नव्हतं.

कारभाऱ्यांनी सांगितलं की दालन दुरुस्तीसाठी बंद असल्याची पाटी लावा आणि गवगवा करू नका. पाटी मी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो.

पहिलं घर लोणार गल्लीत होतं. रखमा नावाची बाई कडेवर सात-आठ महिन्यांचं पोर घेऊन दारात आली. पोराच्या गळ्यात लाल चिंधी होती. नानांना बघून ती पाया पडली. मी तिला समजावून सांगितलं, पान वाचून दाखवलं, विष आहे म्हणून सांगितलं. ती ऐकत होती आणि एका हाताने चिंधी घट्ट धरून होती.

“काढायचा न्हाई म्हणून नानांनीच सांगितलंय,” ती म्हणाली. “दात पुरं हुईस्तवर.”

“तेच आता काढायला सांगताहेत.”

“कागद तुमचा हाय, बाई. वाघ राजाचा हाय. आता राजवाड्याला तिकीट लावलं, तवा गरिबाला दिल्यालं बी परत न्यायचं व्हय?”

आतून सासू म्हणाली, दार लाव. रखमा खरंच दार ओढू लागली. मी दारात पाय घातला. काय करावं ते मला कळेना, मी नुसती त्या पोराच्या तोंडाकडे बघत होते. त्याने चिंधी उचलून हिरडीला लावली होती.

तेव्हा नाना पुढे झाले. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

“पोरी, माझी नात गेली ह्येच्यानं,” ते म्हणाले. “पोटाखालचा पयला तुकडा मी तिच्याच गळ्यात बांधला. माझ्या ह्याच हातानं. श्रावणात गेली. काढ त्यो.”

त्यांनी तळवे पुढे केले. रखमाने त्या घट्ट्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि गळ्यातून दोरा काढून दिला.

मला वाटलं होतं माझ्या खोटेपणाने म्हाताऱ्याला निदान रात्रीची झोप मिळेल. त्यांनी तो माझ्यासाठी फक्त एक संध्याकाळ ठेवून घेतला होता.

आम्हाला नऊ दिवस लागले.  प्रत्येक दारात आधी मी पान वाचायची आणि कुणी ऐकायचं नाही. मग नाना फडकं हातात घ्यायचे आणि तेच सांगायचे, त्याच शब्दांत, तेवढ्याच आवाजात. माझी नात गेली ह्येच्यानं. मी त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभी असायची. चिंध्या पिशवीत पडायच्या. तीन घरांत आम्ही दारातूनच परत फिरलो, कारण तिथे पाळणा उतरवलेला होता. त्यातल्या एका घरी त्या बाईने आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, वाघ त्याच्याबरोबरच पुरला. नाना तिच्या उंबऱ्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

नंदू वाचला. वर्षभर केस विरळ होते, नखांवर पांढरे पट्टे होते. आज तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि आत्या त्याच्याकडे अशी का बघत बसते, हे त्याला कधी कळलेलं नाही.

नाना पुढच्या चैत्रात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांची नोकरी गेली होती, आणि पोरांना विष देणारा म्हातारा म्हणून त्यांच्या गल्लीतले लोक त्यांच्या घरावरून जाताना मुलांना पलीकडे घ्यायचे. मी भेटायला गेले की ते नंदूची चौकशी करायचे. त्यांनी स्वतःहून कधी दुसरा विषय काढला नाही.

गावात ती गोष्ट अजून सांगतात, शिकारखान्याच्या राखणदाराने लोभाने वाघाचं पोट कापलं म्हणून. चाळीस दारांत नाना उभे राहिले. कुणाच्याही दारात त्यांनी सांगितलं नाही की आतून घ्या, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर उभी होते. मीही सांगितलं नाही.